कोणाकडून मिळाले

विषय : जडसंग्रह नोंदवहीतील अनुक्रमांक ४७ समोरील रिकाम्या रकान्याची पूर्तता करण्याबाबत.
संदर्भ : तपासणी पथकाचा आक्षेप क्रमांक ९.

१

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सोलापुरातल्या एका खासगी दंतमहाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावर शरीररचनेचं संग्रहालय आहे, त्यात एकशे बारा वस्तू आहेत, आणि त्यांतली सत्तेचाळिसावी कोणाकडून मिळाली याची नोंद एकतीस वर्षं कोणी केलेली नाही. एकतीस वर्षांत त्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. पण फेब्रुवारीत तपासणी पथक आलं, जेवलं, शेंगा चटणीचे पुडे घेऊन गेलं आणि जाता जाता आक्षेप लिहून गेलं : रकाना रिकामा ठेवू नये.

महिपती भडकुंबे पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आपण धरण एकही बांधलं नाही, फायली मात्र हजारो बांधल्या आणि त्यांतली एकही फुटली नाही, हा त्यांचा लाडका विनोद. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा अजिंक्य पुण्याला कंपनीत. महिन्यातून दोनदा यायचा. घरात उरले महिपती, पुस्तकांची तीन कपाटं आणि सून ऋतुजा. ही ऋतुजा त्या संग्रहालयात तंत्रज्ञ होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतल्यावर आता तिला तेरावा आठवडा होता. घरात त्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नसे. महिपती तर देवासमोरही तो विषय आडवळणानंच काढत.

"आप्पा, चार दिवस याल का कॉलेजात?" तिनं एका सकाळी विचारलं. "ताब्याचा रकाना सगळाच नव्यानं भरायचाय. आमच्याकडं रजिस्टर कुणालाच लिहिता येत नाही. सगळे डॉक्टर."

"लिहिता येतं गं त्यांना. दुसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच."

ती हसली. महिपतींनी पेन घेतलं, गुळगुळीत झालेली लाकडी पट्टी घेतली आणि रिक्षानं निघाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणाला तरी त्यांच्या अक्षराची गरज पडली होती.

२

खोली लांबट होती. खिडक्यांना हिरवा कागद चिकटवलेला, त्यामुळं एप्रिलचं भर दुपारचं ऊनही आत येताना शेवाळ लागल्यासारखं यायचं. भिंतीला काचेची कपाटं. त्यांत कवट्या, जबडे, उभे चिरलेले दात. एका टेबलावर ऋतुजाची खुर्ची, दुसऱ्यावर महिपतींचं रजिस्टर.

"ही सत्तेचाळीस," ऋतुजानं एक बरणी पुढं ठेवली. आत द्रवामध्ये नखाएवढी काहीतरी कमान तरंगत होती. महिपतींनी भिंग लावलं. घोड्याच्या नालेसारखी, फिकट गुलाबी.

"गर्भाचा खालचा जबडा आहे. मांस औषधानं काचेसारखं पारदर्शक करतात, मग लाल रंगात ठेवतात. जिथं चुना साठलाय तिथंच रंग चढतो. हाड झालंय, म्हणून गुलाबी. दात अजून नाहीत."

रजिस्टरात तसंच होतं. वर्णन : मानवी गर्भ, खालचा जबडा, अंदाजे तेरा आठवडे. दात : निरंक.

"तेरा आठवडे," महिपती म्हणाले, आणि भिंग पुसायला लागले.

ऋतुजाला त्याचं काही वाटलं नाही. ती शिकवण्याच्या भरात होती. "दात सहाव्या आठवड्यालाच सुरू होतो, आप्पा. हिरडीच्या जागी एक पट्टी जाड होते, तिच्यातून कळ्या फुटतात. वर दहा, खाली दहा. मग कळीची टोपी होते, टोपीची घंटा. घंटेच्या टोकाला चुना साठायला लागला की दात. आधी वरचं टोक, मग खालचा भाग, मूळ सगळ्यात शेवटी."

"आधी कळस, मग पाया? आमच्याच खात्यात शिकलेला दिसतोय."

रजिस्टराला पाच रकाने होते : अनुक्रमांक, वर्णन, कोणाकडून मिळाले, कोणाच्या ताब्यात, शेरा. महिपतींचं काम चौथ्या रकान्याचं. पानाच्या पहिल्या ओळीत 'सौ. ऋतुजा अजिंक्य भडकुंबे' असं पूर्ण नाव, खाली प्रत्येक ओळीत 'वरीलप्रमाणे'. नवीन पान आलं की पुन्हा पूर्ण नाव. सत्तेचाळिसावी नोंद नव्या पानाच्या माथ्यावर होती. तिथं ते आले तेव्हा शिपाई गुरुलिंग चहा घेऊन आला.

"सायेब, च्या घ्या की. निवल्यावर मजा न्हाय."

महिपतींनी नाव लिहिलं, टीपकागद दाबला आणि चहा घेतला.

३

पुढच्या आठवड्यात बरण्यांना नवीन चिठ्ठ्या लावायच्या होत्या. सत्तेचाळीसची चिठ्ठी लावताना महिपतींना कमानीच्या मधोमध दोन ठिपके दिसले. रक्तासारखे लाल, मोहरीच्या दाण्याहून बारीक.

"गुरुलिंग, हे आधी होतं का रे?"

गुरुलिंग मैंदर्गीचा, बावीस वर्षं त्या खोलीत झाडू मारत आला होता. त्यानं भिंग न घेताच पाहिलं. "न्हवतं की."

"नीट बघ."

"बावीस वर्सं पुसतोय ती बरणी, सायेब. माज्या पोरीचं तोंड इतकं पुसलं न्हाय मी."

विभागप्रमुख वैजयंती मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जुन्या द्रवात रंगाचा साका उरतो, उन्हाळ्यात कुठंही बसतो. महिपतींना ते पटलं. पटवून घेतलं, असं म्हणणं जास्त खरं. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं काहीही करतात, रंगानं का करू नये?

दहा दिवसांनी मागच्या बाजूला आणखी दोन ठिपके आले. दोन्हीकडं एकेक, आणि पुढच्या जोडीपासून बरीच जागा सोडून.

साका पसरला तर शेजारी पसरेल, असं महिपतींनी मनाशी म्हटलं. हा मधली जागा सोडून का गेला? त्यांनी विभागाच्या कपाटातलं दातांवरचं जाड पुस्तक काढलं आणि लिपिकाच्या सवयीनं तक्त्याचं पान शोधलं. गर्भात चुना साठण्याचा क्रम दिलेला होता. चौदाव्या आठवड्यात पुढचे दोन. त्यानंतर शेजारचे येत नाहीत. मधली जागा सोडून पहिल्या दाढा येतात. मग शेजारचे, मग सुळे, अठराव्या-एकोणिसाव्याला शेवटच्या दाढा.

तक्ता पाहून त्यांनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. ऋतुजाला सोळावा आठवडा लागायला तीन दिवस होते.

सोळाव्याला शेजारचे दोन आले.

४

"आप्पा, तुम्ही बरणीला घाबरता?" घरी भाकरी करता करता ऋतुजा म्हणाली. तिच्या तोंडात काहीतरी कुरकुर वाजत होतं.

"मी वरिष्ठांना घाबरलो नाही. काय खातेस?"

"पाटीवरची पेन्सिल." तिला स्वतःलाच लाज वाटली. "सारखी इच्छा होते. चुना कमी पडत असेल. गोळ्या चालू आहेत, तरी."

महिपतींनी पाहिलं. डब्यात पेन्सिलींचे चार पुडे होते, तीन रिकामे. हिरडीतून थोडं रक्त आलेलं तिनं पदरानं पुसलं. गरोदरपणात असं होतं, हे त्यांनी वाचलं होतं. वाचलेल्या गोष्टींचा त्यांना त्या दिवशी उपयोग झाला नाही.

मे महिन्याच्या शेवटी वैजयंती मॅडमनी त्यांना बोलावलं. टेबलावर पेढे होते.

"भडकुंबेसाहेब, कमाल केलीत. आक्षेप नऊ वगळला पथकानं. पूर्तता झाली म्हणून पत्र आलंय."

"नऊ?" महिपती म्हणाले. "नवाला मी हात लावला नाही, मॅडम. ती वस्तू कोणाकडून आली हे मला कुठं माहीत?"

"म्हणजे? छायाप्रत गेली ना. रकाना भरलेला आहे."

महिपती संग्रहालयात गेले. रजिस्टर काढलं. नव्या पानाची पहिली ओळ. पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीत ताब्याचा रकाना तिसरा असतो. इथं चौथा. छत्तीस वर्षांची सवय, समोर एक रिकामी चौकट, आणि बाजूला चहा. 'कोणाकडून मिळाले' या रकान्यात, त्यांच्या वळणदार अक्षरात, काळ्या शाईत नाव होतं : सौ. ऋतुजा अजिंक्य भडकुंबे.

एकतीस वर्षं त्या बरणीतल्या जिवाला कोणी नव्हतं. महिपतींनी त्याला आई लिहून दिली होती.

हा विचार हास्यास्पद होता, आणि त्यांना तसा तो वाटलाही. ते मोठ्यानं हसले. हसणं थांबल्यावर खोलीत आवाज ऐकू आला. कपाटातून येत होता. बारीक, ओला, ठरावीक अंतरानं : चुट. चुट. चुट.

त्यांनी नळ तपासला. नळ कोरडा होता.

५

रजिस्टरात खाडाखोड करायची नसते. चूक झाली तर आडवी रेघ मारायची, वर योग्य मजकूर लिहायचा, आणि शेजारी अधिकाऱ्याची सही घ्यायची. सहीशिवाय रेघ मारणारा लिपिक महिपतींच्या लेखी दरोडेखोराच्या बरोबरीचा होता. जूनच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी लाल शाईनं, कोणालाही न विचारता, ऋतुजाच्या नावावर रेघ मारली. पट्टी न लावल्यामुळं रेघ वाकडी आली. त्यांना बरं वाटलं. जिलेबी घेऊन घरी आले.

ऋतुजा त्या दिवशी कामावर गेली नव्हती. पलंगावर बसली होती. एकविसावा आठवडा. गेल्या आठवड्यापासून बाळ हलायला लागलं होतं. ते हललं की ती जे करत असेल ते सोडून थांबायची आणि एकटीच हसायची.

"आप्पा," ती म्हणाली, "अकरापासून हललं नाही."

"झोपलं असेल."

"गोड खाल्लं, थंड पाणी प्याले, डाव्या कुशीवर पडले. सगळं केलं." तिचा आवाज सपाट होता. दोनदा ज्या वाटेनं ती गेली होती, ती वाट तिला ओळखू येत होती.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात डॉ. सना होत्या. ऋतुजाच्या वर्गमैत्रिणीची बहीण. त्यांनी यंत्र फिरवलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. "ठोके हैत, आप्पा. पण लई हळू. मी मोठ्या डॉक्टरांना बोलावते. तुमी बाहेर बसा जरा."

महिपती बाहेर बसले नाहीत. रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली.

"कुटं जायाचं?"

"कॉलेज. आणि बाबा, बोलू नकोस."

चुकून कापलेला मजकूर तसाच राहू द्यायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं देऊन शेजारी एक शब्द लिहितात. हजारो टिप्पण्यांवर महिपतींनी तो लिहिला होता. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ऋतुजाच्या कापलेल्या नावाखाली टिंबं दिली आणि लिहिलं : कायम.

लिहिता लिहिता फोन वाजला. "आप्पा, हललं!" ऋतुजा रडत होती. "आत्ता हललं. चांगलं जोरात. तुम्ही कुठं गेलात?"

"बाहेर," महिपती म्हणाले. कपाटाकडं त्यांनी पाहिलं नाही. बघायची गरज नव्हती. आवाज परत सुरू झाला होता.

योगायोग, असं त्यांनी स्वतःला घरापर्यंत अकरा वेळा सांगितलं. मग सोनोग्राफीचा अहवाल वाचला. हृदय ठीक. हात-पाय ठीक. खाली एक ओळ होती : खालच्या जबड्यातील दंतकळ्या दिसल्या नाहीत.

"होतं हो तसं," डॉ. सना फोनवर म्हणाल्या. "बाळानं तोंड पाठीकडं फिरवलेलं. पुढच्या बारीला दिसतील."

पुढच्या बारीलाही बाळानं तोंड फिरवलेलं होतं. त्याच्या पुढच्यालाही. "लाजाळू हाय वो तुमचं नातवंड," डॉ. सना हसून म्हणाल्या. पण यंत्र ठेवताना त्यांनी ते दोनदा पुसलं.

६

बरणी फोडायचा विचार महिपतींच्या मनात आला नाही असं नाही. एका दुपारी त्यांनी ती उचललीही. ऋतुजाला त्यांनी हट्टानं रजेवर पाठवलं होतं, खोलीत कोणी नव्हतं. काच कोमट होती. अंगाला ताप असावा तेवढी. रेघ मारल्यानंतरच्या काही तासांत ऋतुजाचा आवाज कसा सपाट झाला होता, ते त्यांना आठवलं. रेघेनं एवढं झालं, तर फोडल्यावर काय होईल? त्यांनी दोन्ही हातांनी बरणी परत ठेवली, अगदी हळू, काही लागू नये म्हणून. आणि कोणाला लागू नये, हा प्रश्न स्वतःला विचारला नाही.

द्रव चिठ्ठीच्या खाली गेला होता. गुरुलिंग दर सोमवारी भरायचा, दर शुक्रवारी तो उतरलेला असायचा.

"झाकण तर घट्ट हाय," गुरुलिंग म्हणाला. "कोण पितंय काय की." मग त्यानं जीभ चावली, आणि त्या दिवसापासून तो खोलीत दार उघडं ठेवूनच झाडू मारायला लागला.

महिपतींनी भिंग लावलं. खाली दहा ठिपके होते. ठिपके म्हणावेत एवढे लहान ते आता राहिले नव्हते. ते त्यांना अपेक्षित होतं. रजिस्टरातलं वर्णन त्यांना पाठ होतं : खालचा जबडा. फक्त खालचा.

वर दुसरी कमान होती.

फिकट, जेमतेम, दुधात बोट फिरवल्यासारखी. तिच्यात ठिपके भरायला लागले होते. दोन्ही कमानी मिटल्या होत्या, आणि त्यांच्या भोवती, जिथं औषधानं सगळं काचेसारखं झालेलं असायला हवं होतं, तिथं काहीतरी मऊ आत ओढलं गेलं. बाहेर आलं. पुन्हा आत गेलं. चुट.

महिपतींनी भिंग खाली ठेवलं. उघड्या डोळ्यांनी दिसत होतं तेवढं पुरे होतं. गेले दोन महिने कमानीचं तोंड खिडकीकडं असायचं. आता ते ऋतुजाच्या रिकाम्या खुर्चीकडं वळलेलं होतं. त्यांच्या देखत ते वळलं, थोडंसं, झोपेत मूल कूस शोधतं तसं. आणि मग त्यांच्याकडं.

त्यांनी दार लावलं नाही. जिना कसे उतरले ते त्यांना सांगता येत नाही. कवळी तोंडात कडकडा वाजत होती आणि ती त्यांनी रस्त्यावर येऊन काढून रुमालात धरली, कारण दात वाजण्याचा आवाज त्यांना सहन होईना.

७

भीतीनं माणसाला काय सुचावं याचा नियम नाही. महिपतींना अर्ज सुचला.

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. ऋतुजा शेजारच्या खोलीत बाळंतविडा शिवत होती. मधूनमधून ती हसल्याचा आवाज आला की त्यांचं पेन थांबायचं. नाव नुसतं कापून चालत नाही, हे त्यांना कळलं होतं. रकाना रिकामा ठेवू नये. तिच्या नावाच्या जागी दुसरं कोणाचं तरी नाव यायला हवं, आणि ते रीतसर यायला हवं, सहीनिशी, शिक्क्यानिशी. त्या बरणीतल्या जिवाला जे लागतं ते दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवं. हाडं, चुना, दूध, जे काय असेल ते. दात महिपतींकडं स्वतःचे उरले नव्हते, पण हाडं होती. एकाहत्तर वर्षं वापरलेली, तरी होती.

अर्ज एक पानी होता. 'कोणाकडून मिळाले या रकान्यात अनवधानाने झालेली नोंद दुरुस्त करून तेथे श्री. महिपती भडकुंबे असे नाव घालण्यास मंजुरी मिळावी.'

वैजयंती मॅडमनी तो दोनदा वाचला. "पण साहेब, ही वस्तू तुमच्याकडून मिळालेली नाही ना?"

"तिच्याकडूनही मिळालेली नाही, मॅडम."

"तेच म्हणते मी. चूक मान्य. मग 'अज्ञात' लिहू या की."

"अज्ञात नको." महिपतींचा आवाज चढला, तसे बाहेरच्या बाकावरचे दोन विद्यार्थी आत डोकावले. त्यांनी आवाज खाली आणला. "अज्ञात ते एकतीस वर्षं होतं, मॅडम. आता ते राहणार नाही. तुम्ही सही करा. मी पाया पडतो."

छत्तीस वर्षांत महिपतींनी हे वाक्य शेकडो अर्जदारांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि दर वेळी उत्तर दिलं होतं. तेच उत्तर मॅडमनी दिलं. माझ्या अधिकारात असतं तर आत्ता केलं असतं. पथकानं मान्य केलेली नोंद बदलायची म्हणजे नियामक मंडळाचा ठराव लागतो. वर पाठवते.

"कधीपर्यंत होईल?"

"होईल हो. पाठपुरावा करत राहा."

८

अर्ज जुलैच्या चौदा तारखेला आवक झाला. ऑगस्टमध्ये स्वयंघोषणापत्र जोडलेलं नाही म्हणून परत आला. जोडून त्याच दिवशी पुन्हा सादर केला. सप्टेंबरमध्ये 'सदर दुरुस्तीचे प्रयोजन स्पष्ट करावे' अशी विचारणा झाली. महिपतींनी प्रयोजन स्पष्ट केलं. ते वाचून मंडळाच्या कार्यालयातल्या बाईंनी फोन करून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि कागद वरच्या टेबलावर गेल्याचं सांगितलं.

दरम्यान गुरुलिंगानं अनुक्रमांक सत्तेचाळीससाठी मोठ्या बरणीची मागणी केली. ती एका दिवसात मंजूर झाली.

ऋतुजाला सदतिसावा आठवडा लागला आहे. बाळ चांगलं हलतं. तोंड त्यानं अजून कोणत्याही तपासणीत पुढं केलेलं नाही. नियामक मंडळाची बैठक दिवाळीपूर्वी घेण्याचं योजलं असून तारीख निश्चित झालेली नाही. अर्ज विचाराधीन आहे.